विश्लेषण : गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव कमी कसा करतात? रक्त चढवण्याची वेळ टाळता येते का?

गुडघा बदलायचे ठरले की घरात प्रश्नांची यादी सुरू होते. खर्च किती येईल, चालता कधी येईल, जिना चढता येईल का, आणि मग कोणीतरी हळूच विचारते, ‘रक्त लागेल का?’ काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नावर ‘दोन पिशव्यांची सोय करून ठेवा’ हे उत्तर अनेकदा मिळत असे. नातेवाईक रक्तपेढीकडे धावत. आज नियोजनपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्ण रक्ताची एकही पिशवी न चढवता घरी जातात. हा बदल एखाद्या महागड्या यंत्रामुळे झालेला नाही. त्यामागे साठ वर्षांपूर्वी शोधलेले एक स्वस्त औषध आहे, शस्त्रक्रियेच्या काही बदललेल्या पद्धती आहेत आणि शस्त्रक्रियेआधीच्या काही आठवड्यांची तयारी आहे. यातील तयारीचा भाग बराचसा रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हातात असतो. नेमका तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

गुडघेबदलात नेमके किती रक्त जाते?

ही शस्त्रक्रिया भारतात घराघरांत पोहोचली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे गुडघे बदलले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया खूप सुटसुटीत झाली असली, तरी हाड कापावे लागते हे बदललेले नाही आणि हाड कापले की रक्त जाणारच.

एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत, रक्तस्राव रोखण्याचे खास उपाय केले नाहीत तर, एकूण एक ते दीड लिटर रक्त कमी होऊ शकते. साठ किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात साधारण चार लिटर रक्त असते. म्हणजे पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक.

‘पण डॉक्टर तर म्हणाले, ऑपरेशनमध्ये फारसे रक्त गेले नाही,’ असा अनुभव अनेकांना येतो. डॉक्टरांचे म्हणणे खोटे नसते. शस्त्रक्रिया सुरू असताना दिसणारे रक्त खरोखर कमी असते. बरेचसे रक्त टाके घातल्यानंतरच्या काही तासांत सांध्याच्या पोकळीत आणि आजूबाजूच्या स्नायूंत झिरपते. ते ना बाटलीत दिसते, ना पट्टीवर. डॉक्टर याला ‘छुपा रक्तस्राव’ म्हणतात. इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारदांनी २००४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार गुडघेबदलातील एकूण रक्तस्रावापैकी जवळपास निम्मा असा छुपा असतो.

म्हणूनच शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी बरा आलेला हिमोग्लोबिनचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक खाली आलेला दिसतो. मांडीपासून पोटरीपर्यंत, कधी घोट्यापर्यंत काळे-निळे डाग उतरतात, तेही याच झिरपलेल्या रक्ताचे.

गुडघ्यातला रक्तस्राव थांबवणे अवघड का?

पोटाच्या किंवा मानेच्या शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दिसली की ती बांधता येते किंवा विजेच्या उपकरणाने जाळून बंद करता येते. गुडघ्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके कापून तिथे धातूचे भाग बसवतात. कापलेले हाड स्पंजसारखे असते. त्याच्या असंख्य छिद्रांतून रक्त पाझरते आणि हाडाला टाका घालता येत नाही. हाडावर लावलेल्या सिमेंटमुळे काही भाग झाकला जातो, सगळा नाही.

दुसरे कारण रक्तातच आहे. जखम झाली की शरीर तिथे गुठळी तयार करून गळती बुजवते. त्याच वेळी ती गुठळी विरघळवणारी यंत्रणाही जागी होते, कारण गुठळ्या कायम राहिल्या तर रक्तवाहिन्या तुंबतील. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत ही विरघळवणारी यंत्रणा जरा जास्तच जोरात चालते. एकीकडे बांध घातला जातो आणि दुसरीकडे त्याची माती वाहून जाते, असे काहीसे गुडघ्यात घडते.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नेमके काय करते?

ही माती वाहून जाणे थांबवणारे औषध म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. अनेक स्त्रियांना हे नाव ओळखीचे वाटेल. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर हीच गोळी देतात.

रक्ताच्या गुठळीचा सांगाडा फायब्रिन नावाच्या धाग्यांचा असतो. प्लाझमिन नावाचे द्रव्य हे धागे तोडते. त्यासाठी प्लाझमिनच्या मूळ रूपाला, म्हणजे प्लाझमिनोजनला, आधी धाग्याला चिकटावे लागते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्लाझमिनोजनच्या याच चिकटण्याच्या जागा अडवते. धागे तुटत नाहीत आणि गुठळी टिकते.

यातला महत्त्वाचा भाग असा की, हे औषध नवी गुठळी तयार करत नाही. शरीराने जखमेवर तयार केलेली गुठळी ते अकाली विरघळू देत नाही, इतकेच. त्यामुळे ते वेळेवर देणे महत्त्वाचे ठरते. गुठळ्या विरघळून गेल्यावर दिलेल्या औषधाचा उपयोग कमी होतो.

गुडघेबदलात ते तीन मार्गांनी देता येते. सर्वाधिक प्रचलित मार्ग शिरेतून : चीर देण्यापूर्वी साधारण एक ग्रॅम आणि गरजेनुसार काही तासांनी दुसरी मात्रा. दुसरा मार्ग थेट सांध्यात : टाके घालण्यापूर्वी सलाइनमध्ये मिसळलेले औषध सांध्यात सोडतात. तिसरा मार्ग शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन तास आधी गोळ्या देण्याचा. तिन्ही मार्गांनी रक्तस्राव कमी होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघेबदलासाठी शिरेतून आणि सांध्यात असे दोन्ही मार्ग एकत्र वापरण्याची शिफारस आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत मात्र मात्रा कमी करावी लागते.

हे औषध आले कुठून?

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा जन्म जपानमधला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या होरपळलेल्या जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो हे दोघे संशोधक रक्तस्राव थांबवणारे औषध शोधत होते. पैसा नव्हता, साधने नव्हती. त्यांनी रक्तावर काम करायचे ठरवले, कारण रक्त सहज मिळण्यासारखे होते. कमी पडले तर स्वतःचे काढता येत होते. लहान मुलीला सांभाळायला कोणी नसे, तेव्हा उताको तिला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत.

त्यांना आधी एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक ॲसिड या औषधाचा गुण सापडला. त्याहून प्रभावी काही मिळेल का, याचा शोध घेताना कित्येक पटींनी ताकदवान असे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हाती लागले. १९६२ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडले.

उताको यांच्या मनात होत्या बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रिया. पण त्यांच्यावर या औषधाची चाचणी घ्यायला त्या जपानमधील डॉक्टरांना राजी करू शकल्या नाहीत. औषध बाजारात आले, पाळीच्या त्रासासाठी आणि दात काढताना वापरले गेले; मोठ्या रक्तस्रावासाठी मात्र दशकानुदशके बाजूला पडून राहिले.

सांधेबदलाच्या क्षेत्रात त्याची दखल घेतली गेली ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर. फिनलंड आणि स्वीडनमधील डॉक्टरांनी गुडघेबदलाच्या रुग्णांवर ते वापरून पाहिले आणि रक्तस्राव लक्षणीय घटल्याचे दाखवले. तरीही ते सर्वत्र रुळायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली. कारण होते एकच : भीती.

गुठळीची भीती कितपत खरी?

गुडघेबदलानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळातच असतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. मग त्याच रुग्णाला गुठळी टिकवणारे औषध कसे द्यायचे, ही डॉक्टरांची शंका रास्त होती.

तिचे उत्तर मोठ्या चाचण्यांतून मिळत गेले. २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह ४० देशांतील २०,२११ अपघातग्रस्तांचा तिच्यात समावेश होता. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमुळे मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले आणि रक्तवाहिन्या तुंबण्याच्या घटना वाढल्या नाहीत. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत अपघातातील वापरासाठी त्याला स्थान दिले. २०१७ मध्ये बाळंतपणातील रक्तस्रावावरच्या ‘वुमन’ चाचणीत २१ देशांतील वीस हजार स्त्रियांवर ते उपयुक्त ठरले. उताको ओकामोतो यांची शंका खरी ठरली होती, पण तो निकाल पाहायला त्या नव्हत्या. २०१६ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सांधेबदलाबाबतचा मोठा आकडा अमेरिकेचा. तेथील ५१० रुग्णालयांतील आठ लाख ७२ हजार खुबा आणि गुडघेबदल रुग्णांच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या. औषध न मिळालेल्यांत रक्त चढवावे लागण्याचे प्रमाण २०.१ टक्के होते, औषध मिळालेल्यांत ७.७ टक्के. गुठळीशी संबंधित गुंतागुंत औषध मिळालेल्यांत ०.६ टक्के, न मिळालेल्यांत ०.८ टक्के, म्हणजे वाढलेली नव्हती. या केवळ नोंदी होत्या, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, हे ध्यानात ठेवावे लागते. पण सांधेबदलावरील अनेक छोट्या-मोठ्या चाचण्यांचा कलही तोच निघाला. २०१८ मध्ये अमेरिकेतील सांधेबदल, अस्थिरोग आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्रित मार्गदर्शक सूचना काढून या औषधाच्या वापराला पाठिंबा दिला.

मग ते सरसकट सर्वांना चालते का?

नाही. नुकतीच पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झालेल्यांना, तसेच फिट्स येण्याचा इतिहास असलेल्यांना ते देताना डॉक्टर विचार करतात. अशांपैकी काहींना शिरेऐवजी थेट सांध्यात औषध देण्याचा पर्याय निवडला जातो. हृदयात स्टेंट असणे म्हणजे औषध वर्ज्य, असा सरसकट नियम नाही. निर्णय रुग्ण पाहून होतो. म्हणून पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार किंवा फिट असे काही झाले असेल तर ते भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगायला हवे.

आणखी एक धोका औषधाचा नाही, माणसाच्या चुकीचा आहे. गुडघेबदल बहुधा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून केला जातो. बधिर करणाऱ्या औषधाची आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची कुपी दिसायला सारखी असू शकते. गडबडीत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मणक्यात गेले तर तीव्र झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. जगभरात अशा घटना नोंदल्या गेल्यावर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. दोन्ही औषधे एकाच ट्रेमध्ये, एकाच कपाटात ठेवू नयेत आणि टोचण्यापूर्वी कुपीवरचे नाव पुन्हा वाचावे, एवढी साधी शिस्त त्यावर पुरेशी आहे.

शस्त्रक्रियागृहात आणखी काय बदलले?

मांडीला आवळून बांधायचा हवेचा पट्टा, म्हणजे टर्निकेट, हे गुडघेबदलाचे जुने साधन. तो फुगवला की खालचा रक्तपुरवठा थांबतो आणि सर्जनला कोरडी, स्वच्छ जागा मिळते. पण पट्टा सोडला की रक्त पुन्हा धावते आणि झिरपणे सुरू होते. म्हणजे रक्तस्राव काही प्रमाणात फक्त पुढे ढकलला जातो. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने ४१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा पट्टा वापरलेल्यांत वेदना आणि गंभीर गुंतागुंत बहुधा जास्त असल्याचे आढळले. तेव्हापासून काही सर्जन पट्टा अजिबात वापरत नाहीत, तर काही फक्त सिमेंट लावतानापुरता वापरतात.

दुसरे जुने साधन म्हणजे ड्रेन, जखमेतून बाहेर काढलेली नळी आणि तिला जोडलेली बाटली. साचणारे रक्त बाहेर काढले तर जखम बरी होईल, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात सांध्यात थोडे रक्त साचले की त्याच्याच दाबाने पुढचे झिरपणे मंदावते. नळी तो दाब तयार होऊ देत नाही. ड्रेन लावलेल्यांना रक्त चढवण्याची गरज अधिक पडते असे आढाव्यांतून दिसले, म्हणून अनेक ठिकाणी तो नेमाने लावणे थांबले आहे.

मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून मोजमाप करण्याची पारंपरिक पद्धत आहे. त्यासाठी पाडलेले छिद्र नंतर हाडाच्याच तुकड्याने बुजवले तर तिथून होणारी गळती कमी होते. संगणकाच्या किंवा रोबोटच्या मदतीने केलेल्या शस्त्रक्रियेत ती पोकळी उघडावी लागत नाही, त्यामुळे थोडा फायदा होतो. मात्र केवळ रक्तस्राव टाळण्यासाठी रोबोटचा जादा खर्च करावा असे म्हणण्याइतका तो मोठा नाही. पूर्ण बेशुद्ध करण्याऐवजी मणक्यातून दिलेली भूल आणि शस्त्रक्रियेदरम्यान अंग गरम ठेवणे, यांचाही हातभार लागतो. शरीर थंड पडले की रक्त नीट गोठत नाही.

हिमोग्लोबिन आधी का तपासायचे?

आता येतो रुग्णाच्या हातातला भाग. त्याचे गणित सोपे आहे. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन साधारण दोन ते तीन ग्रॅमने खाली येते असे धरू. १३ वर सुरुवात केलेली व्यक्ती १० वर थांबेल. थोडा थकवा येईल, पण ती वॉकर धरून चालू लागेल. १० वर सुरुवात केलेली व्यक्ती ७ वर येईल आणि तिला रक्त चढवावे लागेल. सर्जन तोच, औषध तेच, तितकेच रक्त गेलेले. फरक फक्त सुरुवातीच्या आकड्याचा.

आपल्याकडे हा आकडा अनेकदा खालीच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा वयोगट गुडघेबदलाचा नव्हे, पण पन्नाशी ओलांडली म्हणून रक्तक्षय आपोआप जात नाही. उलट गुडघेदुखीच्या रुग्णांत त्याला एक जादा कारण असते. वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व्रण पडून थोडे थोडे रक्त जात राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मूळव्याध, आतड्याचा आजार, मूत्रपिंडाचा विकार हीही कारणे असू शकतात. शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. त्यामुळे ‘रक्त कमी आहे, टॉनिक घ्या’ एवढ्यावर थांबू नये. ते कमी का आहे, हे शोधायला हवे. उतारवयात हा शोध कधी कधी गुडघ्यापेक्षा मोठा आजार वेळेवर पकडून देतो.

स्त्रियांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय मानला जातो. मात्र मोठ्या शस्त्रक्रियेआधी स्त्री-पुरुष दोघांतही किमान १३ हे उद्दिष्ट ठेवावे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये सुचवले. कारण सरळ आहे : स्त्रीच्या शरीरात मुळात रक्त कमी असते, पण कापलेल्या हाडातून जाणारे रक्त त्यामुळे कमी होत नाही.

लोहाची कमतरता असेल तर गोळ्यांनी हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून तपासणी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. तारीख ठरवतानाच, निदान सहा आठवडे आधी करायला हवी. गोळ्या जेवणानंतरच्या चहासोबत घेऊ नयेत, चहामुळे लोह शोषले जात नाही. लिंबू किंवा आवळा सोबत चालतो. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येते. गुडघेबदल ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर ती महिनाभर पुढे ढकलणे हा कमीपणा नव्हे, उलट शहाणपणाच आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय?

हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अनेक ज्येष्ठ या गोळ्या घेत असतात. इथे दोन उलट्या चुका होतात. काही जण ‘ऑपरेशन आहे’ म्हणून गोळी स्वतःच बंद करतात, तर काही जण गोळीचा उल्लेख करायचेच विसरतात.

कमी मात्रेतील ॲस्पिरिन अनेकदा चालू ठेवले जाते. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस, वॉरफॅरिन सुमारे पाच दिवस आणि ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी थांबवल्या जातात. हे दिवस मूत्रपिंडाच्या स्थितीनुसार आणि हृदयाच्या आजारानुसार बदलतात. त्यामुळे नेमके काय करायचे ते हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. अलीकडेच स्टेंट बसवला असेल तर गोळी थांबवण्यापेक्षा शस्त्रक्रियाच पुढे ढकलणे सुरक्षित असते.

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जिन्को असलेली टॉनिके, काढे, चूर्ण यांचीही यादी डॉक्टरांना दाखवावी. यांतील काही रक्तस्राव वाढवू शकतात.

मग रक्त कधी चढवावे?

‘दहाच्या खाली आले की रक्त’ हा जुना नियम आता मागे पडला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोकस’ चाचणीत खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या २,०१६ ज्येष्ठांची तुलना झाली. एका गटाला हिमोग्लोबिन १० च्या खाली जाताच रक्त दिले. दुसऱ्या गटाला ८ च्या खाली गेल्यावर किंवा लक्षणे दिसल्यावरच. दोन महिन्यांनंतर मृत्यू आणि चालण्याची क्षमता यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आता स्थिर रुग्णांत सर्वसाधारणपणे ७, तर अस्थिशस्त्रक्रिया झालेल्यांत किंवा हृदयविकार असलेल्यांत ८ ही मर्यादा धरली जाते. छातीत दुखणे, धाप लागणे, रक्तदाब खाली राहणे अशी लक्षणे असतील तर मात्र आकड्याची वाट पाहिली जात नाही.

रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि ‘क’, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. तरीही परके रक्त हे एक प्रकारचे प्रत्यारोपणच असते. थंडी-ताप, ॲलर्जी, वयस्कर हृदयावर द्रवाचा ताण, गट चुकण्याची दुर्मीळ पण घातक चूक हे धोके उरतात. रक्त चढवलेल्यांत सांध्याच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण अधिक दिसल्याचेही अनेक अभ्यास सांगतात. गरज असेल तेव्हा रक्त जीव वाचवते, त्यामुळे त्याला घाबरू नये. पण ‘अशक्तपणा जाईल’ म्हणून नातेवाईकांनी एक पिशवी लावायचा आग्रह धरणे योग्य नाही.

दोन्ही गुडघे एकदम बदलले तर?

भारतात दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याकडे बराच कल आहे. भूल एकदाच, रुग्णालयातील मुक्काम एकच, घरच्यांची धावपळही एकदाच. मात्र रक्तस्राव अर्थातच खूप वाढतो आणि हृदयावर ताणही. हिमोग्लोबिन चांगले, हृदय-फुप्फुस ठणठणीत असेल तर हा पर्याय योग्य ठरू शकतो. रक्तक्षय किंवा हृदयविकार असलेल्यांनी खर्चाच्या बचतीपेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया करण्याचा विचार करावा.

घरी आल्यावर काय पाहायचे?

बर्फाचा शेक आणि पाय उंच ठेवणे यांनी सूज व वेदना कमी होतात. रक्तस्रावावर त्यांचा परिणाम थोडाच असतो. बर्फ थेट त्वचेवर न ठेवता कापडात गुंडाळून ठेवावा. पायाचे काळे-निळे डाग दोन-तीन आठवड्यांत पिवळसर होऊन जातात, त्यांना घाबरू नये.

मात्र पट्टी रक्ताने पुन्हा पुन्हा भिजणे, गुडघा अचानक फुगून कडक होणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत धडधड, धाप, काळी शौच किंवा पोटरी दुखून सुजणे यांपैकी काही दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. काळी शौच विशेष महत्त्वाची. गुठळी टाळण्यासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी आणि वेदनाशामक एकत्र घेतल्याने जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होते, पण डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल तर थांबू नये. आणि हे सारे खरे असले तरी, रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

तारीख घेण्याआधी काय विचारावे?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सांध्यासाठी ती जीएसटी वगळून ५४,७२० रुपये होती. तेव्हापासून घरोघरी चर्चा होते ती सांधा कोणत्या कंपनीचा, याचीच. त्या किमतीपुढे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची कुपी आणि हिमोग्लोबिनची तपासणी यांचा खर्च नगण्य आहे. पण शस्त्रक्रियेनंतरचा आठवडा कसा जाईल, हे त्यांवरही तितकेच अवलंबून असते.

त्यामुळे सर्जनना चार प्रश्न जरूर विचारावेत. माझे हिमोग्लोबिन आज किती आहे आणि कमी असेल तर का? मला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देणार का, नसेल तर कारण काय? माझ्या चालू गोळ्यांपैकी कोणती, कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची? आणि रक्त चढवायचा निर्णय कोणत्या आकड्यावर किंवा लक्षणांवर घेणार? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि त्यांची उत्तरे सहा आठवडे आधी मिळाली, तर ‘रक्त लागेल का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असेल.